पूर्व किनाऱ्यावरचे अंगदआबा

सकाळी माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं की त्याखालून आधी एक काठी आत येते, मग पांढरी टोपी येते, आणि टोपीखालून प्रश्न येतो, "जहाजाचं काय निघालं का?"

आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणसं सकाळी उठून सोयाबीनचा भाव विचारतात, पीकविमा विचारतात, एसटी गेली का विचारतात. जहाजाचं विचारणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच, आमचे अंगदआबा. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. आबांनी तो अजून पाहिलेला नाही. एकदा गावातली मंडळी कोकणात फिरायला निघाली होती, आबांनाही चला म्हणाली. आबांनी साफ नकार दिला. आपला धंदा सोडून दुसऱ्याचं पाणी बघत कशाला हिंडायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

माझं दुकान म्हणजे फाट्यावरची एक खोली, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि उन्हाळ्यात न चालणारा पंखा. सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं हा माझा धंदा. शेततळं, ठिबक, कांदाचाळ, शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या, काय म्हणाल त्याचा अर्ज मी भरलेला आहे. या धंद्यात बसून सरकारबद्दल माझं मत बनलंय ते असं की सरकार जगातल्या कुठल्याही गोष्टीला पैसे देऊ शकतं, फक्त समोर बसलेल्या माणसाला जे हवं असतं ते सोडून. पण लोहारा तालुक्यातून जहाजासाठी अर्ज भरायची पाळी माझ्यावर येईल असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

दोष माझ्या मोबाइलचा. आबा हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. अंगठा काही केल्या मशीनवर उमटत नव्हता. तेवढ्या वेळात माझ्या मोबाइलवर बातम्या चालू होत्या. रस्त्यानं माल नेण्यापेक्षा पाण्यातून नेणं स्वस्त पडतं, म्हणून सरकार जलवाहतुकीला मदत करणार, बोटी बांधायला अनुदान देणार, असं काहीतरी बातम्या देणारी बाई सांगत होती. आबांनी अंगठा मशीनवरून उचलला. बातमी पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "संजू, आपल्याकडं पाणी हाय. माल हाय. सरकार तर हायच. मंग अडलंय कुठं?"

तेव्हापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता माझ्या मुलीची आकडेमोड चुकली की तीसुद्धा तेच म्हणते.

पाणी आहे हे खरं. माकणीच्या धरणाचं पाणी आमच्या गावाच्या कुशीपर्यंत येतं. धरण झालं तेव्हा खालची काळी रानं सगळी बुडाली. त्यातून आबांचा एक तुकडा तेवढा वाचला, कारण तो टेकाडावर होता. आजूबाजूच्यांचं सगळं गेलं, मोबदला घेऊन जो तो गावाच्या या बाजूला नवी रानं घेऊन बसला, आणि आबांचं टेकाड पाण्यापलीकडं एकटंच उरलं. सडकेनं जायचं तर धरणाच्या भिंतीवरून भला मोठा वळसा. सरळ पाण्यातून गेलं तर तंबाखू मळून होईस्तोवर पलीकडं. आबांचं सगळं गणित या तंबाखूवर उभं होतं. इकडच्या काठावरून तिकडच्या काठावर सरकारी अनुदानाची बोट चालवायची, माणूस न्यायचा, माल न्यायचा. पलीकडं आबा सोडून कुणाचं रान आहे आणि तिकडं जाणार कोण, हे मी एकदा विचारलं. आबांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. वाट झाली की माणूस येतो, म्हणाले.

मग सुरू झालं आबांचं शिक्षण. अर्थसंकल्पाच्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्या दुकानात येऊन बसायचे. शेतीचं चालू असलं की डुलक्या घ्यायचे. 'बंदर' किंवा 'जहाज' असा शब्द आला की ताडकन जागे व्हायचे आणि मान हलवून म्हणायचे, "आपलं काम झालं." जहाजांच्या योजना किती प्रकारच्या असतात हे मला आबांमुळं कळलं. बांधायला मदत, चालवायला मदत, दुरुस्तीला मदत. एकदा मी त्यांना वाचून दाखवलं की जुनी जहाजं तोडायच्या कामालाही सरकार उत्तेजन देतं.  आबांनी हळूच विचारलं, बांधायलाही पैसे आणि तोडायलाही पैसे, तर मग मधे चालवायची काय सक्ती आहे का? मी नियमावली पुन्हा वाचली. तसं कुठं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

पहिल्याच अर्जात आम्ही अडलो. 'किनाऱ्यापासूनचे अंतर' असा एक रकाना होता. मी म्हटलं, आबा, इथं आपला बाजार उठला. आबा म्हणाले, धीर धर. त्यांनी काठीनं माझ्या दुकानाच्या फरशीवर रेघ ओढायला सुरुवात केली. ही तेरणा. तेरणा कुठं जाते? मांजरेला. मांजरा कुठं जाते? गोदावरीला. आणि गोदावरी? गोदावरी पार आंध्रातून पूर्वेच्या समुद्राला. काठी एव्हाना दुकानाबाहेर चपलांपर्यंत गेली होती.

"म्हंजे पाणी एकच की," आबा म्हणाले. "आपुन पूर्व किनाऱ्याचे. लिव."

मी लिहिलं. दुसरं लिहिण्यासारखं काही नव्हतंही. तो अर्ज मुंबईच्या एका कार्यालयात गेला, तिथून उत्तर आलं की पूर्व किनारा आमच्याकडं येत नाही. आबांना अपमान वगैरे वाटला नाही. उलट त्यांनी ते पत्र पारावर नेऊन सगळ्यांना दाखवलं. आपण पूर्व किनाऱ्याचे आहोत हे सरकारनं मान्य केलं, फक्त टेबल चुकलं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. गावानं त्या दिवसापासून त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली. चेष्टेनं म्हटलेलं त्यांना कळत होतं, पण कप्तान म्हटलं की ते ओ द्यायचे.

कप्तानाला पोहता येत नाही, हे इथं सांगून टाकलेलं बरं. मी विचारलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं होतं. पोहायचं काम जहाजाचं, कप्तानानं कशाला पोहायचं?

अनुदान येईल तेव्हा येईल, पण आधी स्वतःची बोट दाखवली तर सरकारला विश्वास वाटेल, असं आबांच्या मनानं घेतलं. आता आमच्याकडं बोट बांधणारा माणूस कुठून आणायचा? आबा ढोकीला गेले. साखर कारखान्याच्या भागात उसाच्या ट्रॉल्या बनवणारे वेल्डिंगवाले आहेत, त्यातल्या एकाला त्यांनी बोट बांधायला सांगितली. त्या माणसानं जन्मात ट्रॉलीशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं. त्यानं प्लॅस्टिकचे मोठे ड्रम आडवे बांधले, त्यावर लोखंडी सांगाडा ठोकला, पत्रा मारला, कडेनं फाळके लावले. इथवर ठीक होतं. पण मग हात सवयीनं चालत राहिला. पुढं ट्रॅक्टरला जोडायची दांडी आली. मागं हूक आला. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न वाजवा' आलं, लाल रेडियमच्या पट्ट्या आल्या, आणि नंबर लिहायला पिवळी पाटी आली. पाण्यात मागून येऊन कोण हॉर्न वाजवणार होतं देव जाणे.

खाली उसन्या चाकांचा सांगाडा घालून बोट गावात आली ती अर्थात ट्रॅक्टरला जोडून. दांडीचा तेवढा एक उपयोग झाला. मागच्या हुकाचं काय करणार, असं मी विचारलं तर आबांचं उत्तर तयार होतं. ऊस नेताना एका इंजिनाला दोन ट्रॉल्या जोडतात ना? धंदा वाढला की मागं दुसरी बोट जोडायची. इंजिन मात्र नव्हतं. एक लांब वेळू होता. इंधनाशिवाय चालणाऱ्या वाहतुकीला सरकार जास्त मदत करतं, हे त्यांना मीच वाचून दाखवलेलं होतं.

बोटीचा पहिला व्यापारी प्रवास गावानं डोळ्यांनी पाहिला. आबांनी पलीकडच्या टेकाडावरचा कडबा इकडं आणायचं ठरवलं. पेंढ्या रचता रचता ढीग पार डोक्यावर गेला. निम्म्या पाण्यात आले आणि वारं सुटलं. कडब्याचा ढीग वाऱ्यानं धरला आणि बोट जी वळली ती गावाकडं पाठ करून निघाली. आबा वेळू टेकवायला बघत होते, पण तिथं खोली जास्त, वेळू टेकेचना. काठावर माणसं हाका मारत होती आणि आबा त्यांना हात हलवून उत्तर देत होते, जणू ठरल्याप्रमाणंच चाललंय. संध्याकाळी ते एसटीनं परत आले. बोट आणि कडबा लातूर जिल्ह्यात लागला होता. दुसऱ्या दिवशी शटरखालून टोपी आत आली ती जरा जास्तच ताठ होती. अर्जात एक गोष्ट घालायची राहिली आहे, म्हणाले. आपली सेवा आंतरजिल्हा आहे.

उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं, आणि बोट चिखलात, मग वाळलेल्या भेगांत उभी राहायची. तिच्या सावलीला शेळ्या बसायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, कप्तान, जहाज कुठवर आलं? आबा म्हणायचे, दुरुस्तीला काढलंय. त्यांच्या पत्नी रुक्मिणकाकू मात्र या कशातच नव्हत्या. काकू कमी बोलतात आणि बोलल्या की माणूस दोन दिवस जपून राहतो. बोटीत त्यांनी कधीही पाय ठेवला नाही. आपल्याला टेकाडावर जायचं असलं तर त्या टेम्पोनं वळशानं जात. मला एकदा म्हणाल्या, "संजू, तू त्यास्नी न्हाय म्हणत न्हाईस, म्हणून त्ये तुझ्याकडं येत्यात." मी नाही कसा म्हणणार? पैसे घेऊन अर्ज भरणारा माणूस मी, आणि आबांइतकं नेमानं येणारं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

आणि मग एके दिवशी खरोखर पत्र आलं. कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर सरकत आमचा अर्ज कुणा भल्या माणसाच्या हाती लागला होता. जलवाहतुकीच्या कार्यालयातून एक साहेब स्थळपाहणीला येणार होते. किती माणसं जातात, किती माल जातो, हे समक्ष पाहून अहवाल करणार होते. त्या अहवालावर सगळं ठरणार होतं. अर्जदारानं सोयीची तारीख कळवावी, असंही त्यात होतं. आबा पत्र हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले.  

मी म्हटलं, आबा, बाजाराचा दिवस सांगू. गर्दी असते. पाच-पंचवीस माणसांना आपण चहा पाजू, घाटावर उभं करू, बोटीत बसवून एक चक्कर मारून आणू. आबांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दुसराच दिवस सांगितला.

"येळवसंचा दिवस कळीव."

मला वाटलं म्हातारा कामातून गेला. जे आमच्याकडचे नाहीत त्यांना सांगतो. मार्गशीर्ष संपताना येणारी वेळ अमावस्या, तिला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. बाजार बंद, दुकानं बंद, घरांना कुलपं. सगळं गाव आपापल्या रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, 'व्हलगे व्हलगे' म्हणत रानाला ताकातली आंबील शिंपडायची, आणि मग जेवायला बसायचं. हिरव्या भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, खीर, आंबील. आपल्या रानात जेवलं की शेजारच्या रानातून हाक येते, तिथं चार घास, मग त्याच्या शेजारी चार घास. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या दिवशी धरून बसवतात. ज्याच्या कोपीपुढं पंगत मोठी, त्याची येळवस चांगली झाली असं आमच्याकडं समजतात. अशा दिवशी गावच्या घाटावर साहेबाला काय दाखवणार? मी आबांना परोपरीनं सांगितलं. त्या दिवशीच खरी वाहतूक दिसंल, एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी मी वैतागून तीच तारीख कळवली. भरलेला घडा आपल्याच हातानं पालथा करणाऱ्याला मी कोण अडवणार?

साहेब आले. गाव पार ओस पडलेलं, जीपला वाट सांगायलाही कुणी नव्हतं, म्हणून मला थांबावं लागलं. माझी बायको मुलीला घेऊन, डोक्यावर जेवणाची पाटी आणि तोंडात माझा उद्धार घेऊन रानाकडं गेली होती. साहेब तरुण होते, कोकणातले, बोलायला मऊ, आणि पायात अगदी नवे बूट. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, गावात काही झालंय का? मी सांगितलं, सण आहे. ते म्हणाले, मग ही तारीख का दिली? यावर मी जीपबाहेर बघितलं.

घाटावर बोट धुऊन पुसून उभी होती. दांडीला झेंडूची माळ होती. आबांनी नवी टोपी घातली होती. साहेबांनी बोटीला एक फेरी मारली, 'हॉर्न वाजवा' वाचलं, पिवळी पाटी पाहिली, हुकाला हात लावला आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. आबांनी दोन ट्रॉल्यांचं सगळं समजावून दिलं. जीवरक्षक साधनं कुठं आहेत, असं विचारल्यावर आबांनी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आणि दोन वाळलेले भोपळे दाखवले. साहेबांनी भोपळ्यांचा फोटो काढला. प्रवासी कुठं आहेत, हा प्रश्न त्यांनी शेवटी विचारला. घाटावर मी होतो, ते होते, आणि जीपजवळ तंबाखू मळणारा ड्रायव्हर होता. आबा म्हणाले, समदं फुडं हाय, बसा.

ड्रायव्हर जीप सोडायला तयार नव्हता, आम्ही दोघं बसलो. समुद्राकाठी जन्मलेल्या त्या माणसानं फाळका दोन्ही हातांनी धरला होता. ड्रम डुचमळत होते, वेळू चिखलात रुतून फसकन बाहेर येत होता, आणि आबा जहाजांच्या योजना एकामागून एक सांगत होते. मधेच साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवशी वारं नव्हतं ही देवाची कृपा, नाहीतर अहवाल लातूर जिल्ह्यातून करावा लागला असता.

टेकाडावर उतरलो. कोप उभी होती, हिरव्यागार हरभऱ्याच्या मधोमध. काकू वळशानं येऊन सकाळपासून तिथं होत्या. चुलीवर भज्जीचं पातेलं होतं, एवढं मोठं की लग्नाघरी वापरावं. उंड्यांची चळत होती. आंबिलीची घागरीएवढी बिंदगी काठोकाठ भरलेली होती. आणि कोपीपुढं सतरंज्या अंथरल्या होत्या, एकीला एक लावून, पार बांधापर्यंत. त्यांच्यापुढं पत्रावळी मांडल्या होत्या, उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा ठेवलेला. सतरंज्यांवर कुणीही नव्हतं.

साहेबांनी चहूकडं पाहिलं. तिन्ही बाजूंनी पाणी होतं, चौथ्या बाजूला माळ. माणसाचा मागमूस नव्हता. ते जरा चाचरत म्हणाले, आजोबा, इथं बोटीनं येतं कोण?

आबा खाली बघत खडे उचलून पत्रावळी सारख्या करायला लागले. उत्तर दिलं ते काकूंनी. चुलीपुढून न उठता, पातेल्यात पळी फिरवत त्या बोलल्या.

"कुनी येत न्हाय सायेब. पाणी यायच्या आदी ही समदी रानं एकाला एक लागून व्हती. आमच्या कोपीफुडं निम्मं गाव जेवायचं. आता शेजार पाण्याखाली गेला. दरसाल म्या तेवढंच करते, त्ये तेवढ्याच पत्रावळी मांडत्यात, आन् दरसाल म्या तेवढंच माघारी नेते. येवढ्या वळशानं सणाच्या दिशी कोण येतंय? म्हणून ह्यांनी त्ये जहाजाचं येड घेतलंय."

मी आबांकडं बघितलं नाही. मला बघवलं नाही. इतकी वर्षं रोज सकाळी हा माणूस मला जहाजाचं विचारत होता, आणि मी त्याचे अर्ज भरत होतो, आणि त्याला नक्की काय हवंय हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. हीच तारीख का, तेही आत्ता कळलं. येळवसला दुसरं कुणी येत नाही, पण सरकारी पाहणी असली तर साहेबाला यावंच लागतं.

साहेब सतरंजीच्या टोकाला बसले. बॅगेतून त्यांनी कागद काढला, गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, आजोबा, मला खोटं लिहिता येत नाही. प्रवाशांचा आकडा शून्यच लिहावा लागेल.

"शून्य कशापायी?" आबा म्हणाले. "दोन लिवा की. तुमी दोघं आला न्हवं."

साहेबांनी दोन लिहिले. मी स्वतः पाहिलं.

मग आम्ही जेवलो. जेवलो म्हणजे आम्हाला जेवू घातलं गेलं. आबा पंगतीतून वाढत फिरत होते. पंगत दोघांची होती, तरी ते सतरंज्यांच्या पार शेवटापर्यंत जाऊन परत यायचे आणि मग आमच्या पत्रावळीत उंडा टाकायचे. कोकणातल्या माणसाला आंबील नवी होती. पहिला घोट त्यांनी भीत भीत घेतला, दुसरा न भिता, आणि नंतर तांब्याच पुढं केला. हरभऱ्याची भाजी, तुरीच्या शेंगा, चिंचेचा आंबटपणा, भज्जीत काय काय पडतं हे आबा त्यांना सांगत होते आणि काकू मधेच चूक काढत होत्या. काकूंना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.  मी बायकोला फोन लावला, की इकडं ये म्हणून सांगावं. तिनं तो माझ्या रानातल्या पंगतीच्या गडबडीत उचललाच नाही.

ऊन कलल्यावर आबांनी आम्हाला परत घाटावर आणून सोडलं. साहेबांच्या बुटांना चिखल लागला होता, त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. जीपमध्ये बसता बसता ते थांबले. आबांना म्हणाले, मालवाहतुकीत तर हे बसत नाही, पण मी काहीतरी बघतो, पर्यटनात किंवा दुर्गम भागात घालून मंजूर करता आलं तर.

मी आबांच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांचं घोडं गंगेत न्हालं होतं. आबा मात्र विचारात पडले होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मंजूर झालं तर तुमी परत येणार का, सायेब?"

नाही, आता यायची काही गरज नाही, साहेबांनी समजावून सांगितलं. पैसे थेट खात्यात येतात.

"आन् नामंजूर झालं तर?"

मग पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा स्थळपाहणी, सगळं पहिल्यापासून. साहेब म्हणाले, पण तुम्ही त्याची काळजी करू नका.

आबांनी पाण्याकडं बघितलं. पलीकडं टेकाडावर काकू एकेक सतरंजी झटकून घडी घालत होत्या, तेवढ्या लांबूनही दिसत होतं.

"मंग नामंजूरच करा," आबा म्हणाले. "आन् फुडल्या येळवसला या. येताना बाईसायबास्नी, पोरंबाळं समद्यास्नी घेऊन या. आमच्याकडं जागा लई हाय."